स्टिकर निघाला, डिंक राहिला

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, मार्गशीर्ष पौर्णिमेला नृसिंहवाडीच्या वाहनतळावर एक फेरी मारून बघा. एमएच ०९, एमएच १०, एमएच १२, पलीकडची केए २२, सगळीकडच्या गाड्या ओळीने उभ्या असतात. जवळजवळ प्रत्येकीच्या मागच्या काचेवर काही ना काही चिकटवलेले असते. कुठे पादुका, कुठे औदुंबर, कुठे अक्कलकोटच्या स्वामींची बैठी मूर्ती, कुठे नुसते ‘श्री गुरुदेव दत्त’. त्याच्याच शेजारी आडनाव, गावाचे नाव, मुलाच्या शाळेचे बोधचिन्ह, सोडून दिलेल्या सोसायटीचा पार्किंगचा नंबर आणि कधीच होऊन गेलेल्या निवडणुकीतल्या एखाद्या साहेबांचा हात जोडलेला फोटो. ऊन-पावसाने त्यातले निम्मे फिकट झालेले. एखाद्या काचेवर ‘गुरुदे’ एवढेच उरलेले, पुढचा ‘व’ उडाला आणि दत्तही उडाले!

आज निरूपणाला हाच विषय घेतला आहे. जुना स्टिकर काढायचा कसा? तुम्ही हसाल. म्हणाल, बुवा, उत्सवाच्या अंकात हे काय गॅरेजचे काम काढलेत? पण जरा थांबा. आपला संप्रदाय ज्या अवधूताला मानतो, त्याने ज्ञान कुठून गोळा केले? भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजा त्याला विचारतो, तू इतका आनंदात कसा? तेव्हा अवधूत चोवीस गुरू सांगतो. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नी इथून सुरुवात. मग कबुतर, अजगर, पतंग, मधमाशी, हत्ती, मासा, पिंगला, लहान मूल, बाण करणारा कारागीर, साप, कोळी. यातल्या एकानेही गादीवर बसून उपदेश केलेला नाही. सगळे आपापल्या कामात होते. बघणाऱ्याने बघितले आणि शिकला. मग गाडी पुसणाऱ्या माणसाकडून आपण चार गोष्टी शिकलो तर बिघडले कुठे?

आधी हे बघू, की स्टिकर जुना होतो म्हणजे काय होते. नवा चिकटवलेला स्टिकर आठ दिवसांत काढायचा म्हटला तर नखाने कोपरा उचलला की सरळ निघतो. तोच पाच-सात वर्षे उन्हात राहिला की त्या प्लास्टिकातला मऊपणा निघून जातो. ते कडक होते, तडकते. खालचा डिंक काचेवर भाजून बसतो. मग तुम्ही ओढायला गेलात की अखंड काही येत नाही, नखाएवढे नखाएवढे तुकडे हातात येतात. सवयींचे असेच आहे बघा. पोराने पहिल्यांदा खोटे बोलले, तेव्हा आईने जवळ घेऊन विचारले असते तर एका दमात सुटले असते. चाळीस वर्षे मुरलेला राग एका रात्रीत जात नाही. तो तुकड्यातुकड्यानेच जायचा. ‘इतकी पारायणं केली, तरी स्वभाव जात नाही’ म्हणून जे निराश होतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. तुकडा निघाला, म्हणजे काम चालू आहे.

आता काढायचा कसा? उतावळा माणूस पहिल्यांदा ब्लेड घेतो. जाणता माणूस ऊब घेतो. आधी गाडीची ती जागा धुवायची, कारण धूळ राहिली आणि वरून घासले की ओरखडे धुळीचेच पडतात. मग केस वाळवायचा ड्रायर थोडा लांब धरून हलता ठेवायचा, किंवा कोमट पाण्यात भिजवलेले फडके त्यावर थोडा वेळ ठेवायचे. उकळते पाणी ओतायचे नाही. गार काच त्याने तडकू शकते. डिंक ऊब लागली की सैल होतो. मग कोपरा उचलायचा आणि स्टिकर त्याच्याच अंगावर मागे दुमडत, पृष्ठभागाला धरून, सावकाश ओढत जायचे. अडला की ओढ वाढवायची नाही, ऊब पुन्हा द्यायची.

अहो, सद्गुरू याहून वेगळे काय करतात? ते आधी धुतात. नामस्मरण, स्नान, सेवा, प्रदक्षिणा हे सगळे धुणे आहे. मग ऊब देतात. गाणगापुरात दुपारच्या माधुकरीला उभे राहिलेल्या माणसाला आपली झोळी पसरताना काय वाटते, ते त्यालाच विचारा. घरी ज्याच्यासमोर चार माणसे उभी राहतात, तो तिथे भाकरीच्या तुकड्यासाठी उभा असतो. त्याचा मोठेपणाचा डिंक तिथे सैल होतो. कुणी त्याला ओरडलेले नसते, कुणी खरवडलेले नसते. आपण मात्र घरात एकमेकांना सुधारायला निघतो ते ब्लेड घेऊनच! सासू सुनेला, बाप लेकाला, नवरा बायकोला. स्टिकर तर निघत नाहीच, वर ओरखडे पडतात, आणि ते मग जन्मभर उन्हात चमकतात.

ब्लेड वाईटच आहे असेही नाही हां. काचेवर चालते. काच पाण्याने आणि साबणाने ओली ठेवायची, पाते नवे घ्यायचे, तिरपे धरायचे आणि एकाच दिशेला सरकवायचे. पण तेच पाते रंगावर लावले की संपले. आणि मागच्या काचेच्या आतल्या बाजूला ज्या बारीक आडव्या रेषा असतात, त्या काच गरम करून धुके घालवणाऱ्या तारा आहेत. तिथे आतून ब्लेड फिरवले की तार तुटलीच. आणखी एक. एखादा पत्रा गॅरेजात दुसऱ्यांदा रंगवलेला असेल, तर स्टिकरबरोबर तो रंगही उचलून येऊ शकतो. म्हणून जाणता मिस्त्री आधी विचारतो, ‘काका, हा दरवाजा ठोकलेला आहे का?’

याला आपल्याकडे अधिकारभेद म्हणतात. स्टिकर एकच, पण तो कशावर चिकटला आहे हे बघून हत्यार निवडायचे. काही माणसे काचेसारखी असतात, त्यांना कठोर शब्द चालतो, उलट ती लखलखीत होतात. काही रंगासारखी असतात. काहींच्या आत नाजूक तारा असतात, त्या बाहेरून दिसत नाहीत. आणि काही आधीच एकदा ठोकून पुन्हा उभी राहिलेली असतात. त्यांच्या अंगावरचा रंग दुसरा आहे, हे विसरून ओढाल तर सगळेच निघून येईल. श्रीगुरूंनी कुणाला तीर्थयात्रा सांगितली, कुणाला संसारात राहूनच सेवा सांगितली, ती का, हे यातून समजते. गुरुचरित्र वाचताना ‘याला असे आणि त्याला तसे का’ हा प्रश्न मनात आला, तर गाडीची काच आणि गाडीचा पत्रा आठवा.

दुसरा मुद्दा याहून महत्त्वाचा. सगळेच काढायचे का? नाही. पुढच्या काचेवर आतून लावलेला फास्टॅग उपटून बघितला की तो निकामी होतो. तो त्या एकाच गाडीसाठी असतो. गाडी विकताना तो ज्या बँकेचा असेल तिथे बंद करायचा असतो. तसेच १ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना पुढच्या काचेवर नोंदणीची एक रंगीत पट्टी येते. पेट्रोल आणि सीएनजीला फिकी निळी, डिझेलला केशरी. ती शोभेची नाही, गाडीची ओळख आहे. ती खरवडून ‘काच कशी स्वच्छ केली’ म्हणणे हा शहाणपणा नव्हे.

अवधूताच्या चोवीस गुरूंत एक कुमारिका आहे. घरी तिला बघायला पाहुणे आले. आईवडील घरी नव्हते. ती आत साळी कांडायला बसली, तर हातातल्या बांगड्या वाजायला लागल्या. घरात कांडून ठेवलेला तांदूळ नाही, हे पाहुण्यांना कळेल म्हणून ती संकोचली. तिने बांगड्या काढायला सुरुवात केली. दोन-दोन ठेवल्या, तरी वाजतात. शेवटी एकेका हातात एकेकच ठेवली. आवाज थांबला. बघा हं, तिने हात उघडे केले नाहीत. जेवढे वाजत होते तेवढे काढले, जेवढे ठेवायचे तेवढे ठेवले. वैराग्य म्हणजे सगळेच ओरबाडून टाकणे, असा काहींचा समज असतो. म्हातारी आई घरी आजारी, आणि चिरंजीव गिरनारच्या पायऱ्या मोजताहेत! आईची सेवा हा काढायचा स्टिकर नव्हे. तो फास्टॅग आहे. तो उपटून पुढे गेलात तर पुढचे फाटक उघडणार नाही.

आणि काही गोष्टी अशा, की त्या आजच काढायच्या. काचेवरची काळी फिल्म बघा. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती लावायला मनाई केली. नियम सांगतो, की पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. ती फिल्म लावणाऱ्याला काय हवे असते? मी सगळ्यांना बघावे, मला कुणी बघू नये. मनाचीही अशी फिल्म असते. दुसऱ्याचे दोष आतून स्वच्छ दिसतात, आपले कुणाला दिसू नयेत. तसेच, घरात पोलीस खात्यात कुणी नाही आणि गाडीवर ‘पोलीस’; बातमी कधी लिहिली नाही आणि गाडीवर ‘प्रेस’. नंबरप्लेटवर तर नंबराशिवाय दुसरे काही लिहायला परवानगीच नाही, मग तिथे देवाचे नाव असो की दादाचे. खोटी ओळख मिरवत दत्तदर्शनाला येणे म्हणजे तोंडाला मुखवटा लावून आरशासमोर उभे राहणे आहे. त्या आरशात दर्शन कुणाचे होणार?

बरे, स्टिकर निघाला. काम झाले? हात फिरवून बघा. चिकटतो आहे. स्टिकर निघाला, डिंक राहिला. आणि गंमत अशी, की आता तो जास्त त्रासदायक. आधी त्यावर झाकण होते, आता उघडा पडला. दोन दिवसांत रस्त्याची सगळी धूळ त्याच्यावर येऊन बसते आणि मूळच्या स्टिकरच्या आकाराचा काळा डाग तयार होतो.

याला शास्त्रकार वासना म्हणतात. कर्म सुटते, वासना मागे राहते. गुरुचरित्रातला रजक आठवा. कुरवपूरचा तो परीट, श्रीपाद श्रीवल्लभांचा निष्ठावंत सेवक. रोज नदीवर येऊन दंडवत घालायचा. एके दिवशी त्याने नदीत एका यवन राजाचे वैभव बघितले. मनात आले, काय याचे भाग्य! वरून तो सेवकच होता, भक्तीत कसर नव्हती. पण आत एवढासा चिकटपणा राहिला होता. श्रीपादांनी तो ओळखला. रागावले नाहीत. म्हणाले, ही इच्छा आहे तर ती भोगून होऊ दे. आता की पुढच्या जन्मी, ते तू सांग. त्याने पुढचा जन्म मागितला, आणि त्याबरोबर गुरूंचे दर्शनही मागितले. पुढे तो बिदरचा राजा झाला. मांडीवर फोड आला, काही केल्या बरा होईना. तेव्हा तो श्रीनृसिंहसरस्वतींपुढे आला. त्यांनी त्याला राजा म्हणून नव्हे, परीट म्हणूनच हाक मारली, आणि त्या हाकेसरशी मागचे सगळे आठवले. लोकांचे कपडे धुण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्या मनावरचा एक डाग धुवायला दोन जन्म आणि दोन अवतार लागले. आपण मात्र सात दिवसांचे पारायण झाले की आठव्या दिवशी विचारतो, फळ कधी मिळेल?

हा उरलेला डिंक जातो कशाने? ओरबाडून जात नाही. तिथे स्नेह लागतो. आपल्या भाषेत स्नेह म्हणजे तेलही आणि मायाही. खोबरेल किंवा घरातले खायचे तेल बोटाने लावायचे आणि विसरायचे. अर्ध्या तासाने मऊ कापडाने गोल गोल पुसायचे. राहिला तर पुन्हा लावायचे. घाईला आलेले लोक थिनर ओततात, पेट्रोल ओततात. डिंक जातो, पण थिनर रंगही खातो, आणि पेट्रोलने आगीची भीती. वेगळे कुठलेही औषध लावायचे तर आधी दिसणार नाही अशा कोपऱ्यावर थेंबभर लावून बघावे. आणि शेवटी तेलसुद्धा धुवायचे बरे का, साबणाच्या पाण्याने! डिंक काढायला आणलेले तेल तसेच ठेवले, तर त्यावरही धूळ बसते. साधनेचाही अभिमान होतो. ‘माझी एकशे आठ पारायणं झाली’ हा त्या तेलाचा तवंग आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, कारण हे निरूपण त्याच्यासाठीच लिहायला घेतले. एका गावी प्रवचन संपल्यावर एक ताई मागे थांबल्या. मालक वर्षापूर्वी गेलेले. त्यांचा मालवाहू टेम्पो दारात उभा. हप्ते थकलेले, मुलगी कॉलेजात, टेम्पो विकल्याशिवाय गत्यंतर नाही. गिऱ्हाईक आले, भाव ठरला, पण त्याने सांगितले, मागच्या काचेवरचे तेवढे काढून द्या. मागच्या काचेवर मालकांनी गाडी घेतली त्या दिवशी स्वतःच्या हाताने लावलेले ‘श्री गुरुदेव दत्त’ होते. दीर ब्लेड घेऊन आला, तर ताईंनी त्याचा हात धरला. मला म्हणाल्या, ‘बुवा, महाराजांच्या नावाला पातं लावू कसं? आणि ते गेलं की यांचं काय राहिलं माझ्याकडे? दोन महिने झाले, गिऱ्हाईक तिसऱ्यांदा विचारून गेलं.’

यात दोन भीती आहेत, आणि दोन्ही खऱ्या आहेत. एक पापाची, एक विसरण्याची. त्यांना जे सांगितले तेच तुम्हाला सांगतो.

ताई, गणपती आपण आणतो, आवाहन करतो, मनोभावे पूजा करतो, आणि उत्तरपूजा करून त्याच हातांनी पाण्यात सोडतो. तेव्हा पाप लागते का? मूर्ती माती होती, मातीत गेली. देव कुठे गेला नाही. छापलेला स्टिकर तर प्राणप्रतिष्ठेची मूर्तीही नव्हे. तो एका माणसाच्या श्रद्धेची खूण होता. परक्याच्या हाताने, रागाने, खरवडून काढू नका एवढेच. आंघोळ करून, एक नमस्कार करून, तुम्ही स्वतः कोमट पाण्याचे फडके ठेवा. जसे आजारी माणसाचे अंग पुसावे, तसे. निघालेले तुकडे कागदात गोळा करा. ते प्लास्टिक आहे, ते कृष्णेत सोडू नका. नदीत ते विरघळत नाही आणि मायमाउलीच्या गळ्याला अडकते. कोरड्या कचऱ्यात नीट बांधून दिले तरी अनादर होत नाही. पायदळी तुडवला जाणारा, अर्धा फाटका, चिखलाने माखलेला स्टिकर तसाच ठेवणे, यात जास्त अनादर आहे.

आणि राहिली दुसरी भीती. त्या काचेवरून स्टिकर निघाल्यावर काय दिसेल, हे आधीच सांगतो. गाडीच्या रंगावर वर्षानुवर्षे स्टिकर असला, की भोवतालचा रंग उन्हाने उतरतो आणि स्टिकरखालचा मात्र घेतला तसाच राहतो. काढल्यावर तिथे त्याच आकाराची ताजी खूण दिसते. पॉलिश केले तरी ती लगेच जात नाही. काचेवर ती राहत नाही, पण माणसावर राहते. तुमच्या मालकांनी वीस वर्षे गाडी चालवली ती नाव घेऊन. त्या नावाखाली तुमचे घर उन्हापासून वाचले. तो ताजा रंग तुमच्या मुलीच्या वागण्यात आहे. टेम्पो गिऱ्हाईकाचा, काच गिऱ्हाईकाची. नाव तुमचे.

ताईंनी डोळे पुसले. म्हणाल्या, ‘मग मुलीला घेऊनच काढते.’ मी म्हटले, काढा, आणि काढताना दोघी मिळून नाव घ्या.

सज्जनहो, आपण ज्याला दिगंबर म्हणून हाक मारतो, त्या शब्दाचा अर्थ काय? दिशा हेच ज्याचे वस्त्र. ज्याच्यावर कसलाही थर नाही, कसले लेबल नाही. जात नाही, गाव नाही, पद नाही, आडनाव नाही. चोवीस गुरूंतले आकाश त्याने का निवडले? ढग येतात, धुळीची वावटळ उठते, धूर पसरतो. आकाशाला काही चिकटत नाही. असल्या देवाचे नाव आपण चिकटपट्टीवर छापतो, यात चूक नाही. प्रेमाला खूण लागते. पण त्या खुणेच्या भरवशावर गाडी सिग्नल तोडते, म्हातारीला बघून हॉर्न मारते, दारू पिऊन घाट उतरते, आणि मागे लिहिलेले असते ‘गुरुकृपा’! मागच्या काचेवरचे नाव चालवणाऱ्याला दिसत नाही, ते मागून येणाऱ्याला दिसते. तुमच्या गाडीमागून येणारा माणूस तुमच्या वागण्यावरून तुमच्या गुरूंचे मोल करत असतो, एवढे ध्यानात असू द्या.

तेव्हा यंदाच्या दत्तजयंतीला गाडी धुवाल, हार घालाल, तेव्हा हातासरशी एवढे करा. काचेवरचे जे फाटले, शिळे झाले, खोटे आहे, ते उबेने काढा. जे कर्तव्याचे आहे, ते जागेवर ठेवा. महाराजांचे नाव जीर्ण झाले असेल, तर नमस्कार करून उतरवा, आणि नवे लावायचेच असेल तर असे लावा, की आरशातून मागचा रस्ता झाकला जाणार नाही. तेल लावून डिंक निघायची वाट बघत बसाल, तो अर्धा तास रिकामा घालवू नका. तेवढ्यात एक माळ होते.

हे दत्तात्रेया, जे आम्ही चिकटवून घेतले ते आम्हाला सुटत नाही. तुझ्या मायेची ऊब दे, स्नेह दे, सावकाश उतरव. ओरखडा उठू देऊ नकोस. आणि सगळे निघून गेल्यावर खाली जो मूळचा रंग आहे, तो तुझाच आहे, एवढे आम्हाला दिसू दे.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥